कुंकू लागलेली फ्लॉपी

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. काळी, चौकोनी, ओल्या पापडासारखी लवचिक. बाहेर कोट, आत तपकिरी चकती, आणि कोटाला बोटभर उघडी खिडकी. १९८७ साली नागपूरहून एसटीने, वर्तमानपत्रात गुंडाळून, मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका आरोग्य कार्यालयात आले.

तिथला कॉम्प्युटर बंद केला की सगळं विसरायचा. पडद्यावर अक्षर कसं काढायचं, हेसुद्धा. रोज सकाळी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वच्छलाबाई मला त्याच्या शेजारच्या पेटीत सरकवायच्या. पेटी घरघरायची, मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचे, आणि मग तो कामाला लागायचा. माझ्याशिवाय तो नुसता डबा. लोक चपला बाहेर काढून आम्हाला बघायला यायचे. मला जरा गर्वच झाला होता, खोटं कशाला बोलू?

माझी नक्कल करून ठेवायला हवी, हे वच्छलाबाईंना ठाऊक होतं. आज करू, उद्या करू, यात दोन महिने गेले.

खंडेनवमीला टाइपरायटर, जीप, फवारणीचे पंप, सगळ्यांची पूजा झाली. शिपाई देवरावभाऊंनी मलाही पाकिटातून काढलं आणि कुंकवाचं ओलं बोट नेमकं त्या उघड्या खिडकीवर टेकवलं. अगदी प्रेमाने.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेटीत गेले आणि मला काही सांगताच येईना. अकराला जीप एटापल्लीकडे निघणार होती. ट्रिपल लशीचा दुसरा डोस राहिलेल्या त्रेसष्ट लेकरांची यादी दुसऱ्या एका फ्लॉपीवर होती, पण कॉम्प्युटर सुरू झाल्याशिवाय ती कोण वाचणार? ज्यांवरून यादी केली त्या मूळ चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या. जीप पुन्हा जाणार ती महिन्याने.

वच्छलाबाईंनी मला उजेडात धरलं. "भाऊ, इथी कुंकू कोणं लावलं?"

"मीनंच लावलं, बाई. साऱ्या मशिनीची पूजा झाली, हिचीच काऊन नाई कराची?"

"तिथूनच त कॉम्प्युटर वाचते. तुम्ही त्याच्या डोळ्यातच बोट घातलं."

देवरावभाऊ ओशाळले. "मले काय माहीत? धुतलं त चालन काय?"

ड्रायव्हर सुकलू दारातून म्हणाला, "साबण आणू काय, भाऊ? माहे कपडे बी धुऊन होतीन."

कोणी हसलं नाही. पण वच्छलाबाई थबकल्या. त्यांनी कात्रीने माझा कोट कापला, चकती अलगद काढली आणि इंजेक्शनसाठीच्या शुद्ध पाण्याच्या कुप्या फोडून मला धुतलं. देवरावभाऊ फायलीने वारा घालत राहिले. मग एका कोऱ्या फ्लॉपीचा कोट उसवून वच्छलाबाईंनी मला त्यात घातलं.

पेटी घरघरली. थांबली. पुन्हा घरघरली. मी अडखळत, आठवेल तसं सांगू लागले, आणि पडद्यावर अक्षर उमटलं. यादी छापून होईपर्यंत सुकलूने हॉर्न वाजवला नाही.

दुपारी वच्छलाबाईंनी माझी नक्कल केली. बरं झालं, कारण त्यानंतर मला पुन्हा काही आठवलं नाही. त्यानंतर रोज सकाळी ती नक्कलच कॉम्प्युटरला जागं करायची.

आठ दिवसांनी यादी परत आली. एकसष्ट नावांपुढे खूण होती. दोन लेकरं मामाच्या गावी गेली होती. त्या गावाचं नाव देवरावभाऊंनी स्वतः विचारून आणलं, आणि पुढच्या फेरीत तिथेही सुई पोचली.

मित्रांनो, जी वस्तू एकुलती एक आहे, तिला हात लावण्याआधी विचारा. आणि तिची नक्कल ती धडधाकट असतानाच करून ठेवा. त्या सकाळी आम्हाला उशीर झाला नाही, एवढंच.