तिसऱ्या पायरीचा कबुलीजबाब

तुम्ही पाठवलेल्या पत्रात माझा गुन्हा दीड ओळीत बसवलाय: घरमालकिणीने कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय जखमी व्यक्तीकडे चूक कबूल केली, सबब विम्याचा दावा नामंजूर. तुमच्यावर माझाही आरोप आहे. माणूस पडला तेव्हा मी खोटं बोलले असते तर तुम्हाला चाललं असतं. मी खरं बोलले, ते तुम्हाला चाललं नाही. माझा आरोप दीड ओळीत मावणार नाही, तेव्हा जरा नीट बसून वाचा.

हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत मी एकतीस वर्षं काढली. पट्ट्या भिजवायच्या, गुंडाळायच्या, सहा आठवड्यांनी कापायच्या. सगळे मला प्लास्टरबाई म्हणतात. त्या नोकरीवर हे घर उभं राहिलं: खाली मी, वर शिकवणी घेणारे मास्तर भाड्याने. मधला जिना अकरा पायऱ्यांचा. त्यातली तिसरी पायरी डुगडुगायची. मला ठाऊक होतं. मास्तरांना ठाऊक होतं. आम्ही दोघं दोन वर्षं ती न बघता ओलांडत होतो. पायांना इतकी सवय झाली की पायरी मोडकी आहे हेच आम्ही विसरलो. गवंडी गुरुवारी येतो म्हणाला होता.

मंगळवारी मास्तरांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून घड्याळजी ते पोचवायला आला. त्याला कुणी सांगितलंच नाही.

मी धावले तेव्हा तो खाली बसला होता आणि घड्याळ छातीशी धरलेलं होतं. म्हणाला, “काच शाबूत आहे, बाई.”

“चुलीत गेली तुमची काच. हात दाखवा.”

अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा असतो. तिथं दाबल्यावर माणूस कळवळला, की एक्स-रेत पहिल्या दिवशी काही दिसो न दिसो, ते छोटं हाड गेलेलं असतं. ते सांधायला फार दिवस घेतं. मी दाबलं. तो कळवळला. उजवा हात. चिमटा धरायचा हात.

माझ्या घरात कुणाला इजा झाली तर भरपाई तुम्ही द्यायची, असा विमा मी काढलेला, म्हणून त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. तुमच्याकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, पाहणी होईपर्यंत पायरीला हात लावू नका. आणि समोरच्या पार्टीशी बोलू नका.”

समोरची पार्टी! मीच हॉस्पिटलात नेऊन त्याच्या हाताला प्लास्टर घालून आणलं होतं.

पाहणीला तुम्ही एकोणीस दिवस लावलेत. पायरी दुरुस्त करायची नाही, म्हणून मी पायरीवरच बसले. सकाळी शिकवणीची मुलं येताना आणि संध्याकाळी जाताना तिसऱ्या पायरीवर मी, मांडीत भाजीची परात. मास्तर वरून ओरडायचे, “बाई, उतरायला आता तुमचा पास काढायचा का?”

“काढा. आणि दोन वर्षं तुम्हीही गप्प होतात, ते विसरू नका.”

मग ते खाली येऊन मुकाट शेंगा सोलायला बसायचे.

चौथ्या दिवशी मी घड्याळजीच्या घरी गेले. त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती. त्याची बायको दारातच म्हणाली, “ताई, तुम्ही कशाला आलात? ह्यांनी तुम्हाला काही दोष दिला नाही.”

तो आतून म्हणाला, “तुम्ही काय मुद्दाम पाडलंत का मला?”

“मुद्दाम नाही. पण पायरी हलते, हे मला माहीत होतं. चूक माझी.”

“बरं झालं बोललात,” तो म्हणाला. “मला वाटत होतं, माझीच नजर गेली. नजर गेली असती तर धंदाच संपला असता.”

‘चूक माझी’, हे ते वाक्य. घरी येऊन तुमच्या त्या गोड आवाजाच्या मुलीलाही मी ते फोनवर सांगितलं. ह्याच वाक्यावर तुम्ही शिक्का मारलात.

विसाव्या दिवशी तुमचे साहेब आले. त्यांनी पायरी मोजली, फोटो काढले, आणि माझ्यापुढे छापील कागद धरला. ‘घाबरून बोलले, जिन्याची अवस्था मला ठाऊक नव्हती,’ असं त्यात लिहिलेलं.

“सही करा बाई. मग बाकीचं आम्ही बघतो.”

“काय बघता?”

“तो बघून चालला नाही, असं म्हणता येईल.”

“तो बघूनच चालत होता.”

“अहो, तुमच्याच भल्याचं सांगतोय. त्याला भेटायला जायची तुम्हाला गरज काय होती? उद्या त्याने दावा लावला तर घर जाईल तुमचं.”

असं म्हणत ते वळले आणि तिसऱ्या पायरीवर पाय देऊन बसले. पायरी कलली. मी दंड धरला नसता तर आणखी एक मनगट माझ्या हातात आलं असतं.

“सॉरी, सॉरी,” ते म्हणाले.

“साहेब, हे लिहून घेऊ का? चूक कबूल केलीत तुम्ही.”

त्यांना हसू आलं नाही. मी सही केली नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी गवंड्याला बोलावून पायरी पक्की करून घेतली. तशीच घड्याळजीकडे गेले आणि म्हणाले, “माझ्यावर दावा लावा.”

बायको उडालीच. “डोकं फिरलंय का ताई? कुणी आपल्यावर केस करायला सांगतं का?”

“कोर्टात गेल्याशिवाय ते विम्याचे लोक तुमची भरपाई देणार नाहीत. मी तिथंही ‘चूक माझी’ हेच सांगणार आहे.”

“आणि घर गेलं तर?”

“गेलं तर गेलं. मोडक्या पायरीचं खोटं सांगून त्या जिन्याने रोज वरखाली करणं मला जमणार नाही.”

वकिलाने आम्हाला एकाच गाडीतून उतरताना पाहिलं आणि चष्मा पुसला. “भांडण नक्की कुणाशी आहे?” त्याने विचारलं. तुमचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. मग त्याला कळलं.

परवा प्लास्टर निघालं. हात वाळून बारीक झालाय. घड्याळजीने दुकानात बसून चिमटा उचलला आणि तिळाएवढा स्क्रू धरला. पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो श्वासभर टिकला आणि कुठंतरी उडाला. तो, त्याची बायको आणि मी, तिघं गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो. मला सापडला. मी त्याच्या तळहातावर ठेवला. तो म्हणाला, “उद्या पुन्हा बघू.”

आता तुम्ही सांगा. कोर्टाची तारीख लागली आहे, त्याच्या आत लेखी कळवा. तुमचे साहेब माझ्या जिन्यात कलंडले तेव्हा त्यांचा दंड धरण्याआधी मी कुणाची परवानगी घ्यायला हवी होती?