पाच ढेपांचा माणूस

कंबर

“उतर, कडूबा, उतर! काटा मोडला तर मी गहू काय तळहातावर तोलू?”

जुन्या जालन्यातल्या अडतीवर मापारी धर्मराज ओरडत होता, आणि कडूबा शिंपी एका पारड्यात मांडी घालून, दोन्ही हातांनी साखळ्या धरून, हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखा लाजत बसला होता. समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढत होत्या. तिसरी चढली तरी कडूबा जागचा हलला नाही. चौथीला जरा डुलला. पाचवी ठेवली तेव्हा कुठे जमिनीवेगळा झाला.

“पाच,” धर्मराजने कपाळ पुसलं. “लेका, तू माणूस हायेस का गुऱ्हाळ?”

हमाल हसले. कडूबाला हसू आलं नाही. काल आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या जेवणाला, मेहुणा रखमाजी पिंपळगाव रेणुकाईहून आला होता. आमरसाचा हात धुता धुता तो म्हणाला होता, “दाजी, लढाईचे दिवस हायेत. गूळ समदा कंट्रोलात गेला. यंदा माझ्याकडून तीनच ढेपा व्हतील. एक बी जास्त मागू नका.”

म्हणजे राजूरच्या गणपतीच्या आणि कडूबाच्या मधे फक्त दोन ढेपा होत्या. आणि त्या दोन्ही कडूबाच्या अंगावर होत्या.

घेर

मागचं थोडं सांगायला हवं.

तीन वर्षांखाली कडूबाला मुदतीचा ताप आला होता. इतका वाळला की घोंगडी उचलली तर आत माणूस आहे की नाही ते चाचपून पाहावं लागे. हकीम झाले, वैद्य झाले. शेवटी त्याच्या बायकोने, झुंबरबाईने, राजूरच्या दिशेला तोंड करून पदर पसरला. हा उठला तर याच्या भाराइतका गूळ देवाला घालीन.

तो उठला. त्याच आठवड्यात गुळाची तुला केली असती तर दीड ढेपेत काम भागलं असतं. रखमाजी तसं म्हणालाही. पण झुंबरबाई त्याच्यावरच उखडली.

“देवानं मला माणूस दिला अन् मी त्याला हाडकाच्या भाराचा गूळ देऊ? लाज न्हाई का वाटायची? अंगावर मास तर चढू दे!”

मग ती मास चढवायला लागली. तेलातली धपाटी, तुपातला शिरा, शेंगदाण्याच्या पोळ्या, डिंकाचे लाडू. कडूबा खात गेला. बायकोने मरणाच्या दारातून ओढून आणलेल्या माणसाला ‘पुरे’ म्हणायचा हक्क उरत नाही. तो वाढला तसा नवस वाढला, आणि नवस वाढला तसा तो लांबला. ‘औंदा न्हाई जमायचं, पुढल्या साली.’ पुढल्या साली कडूबा आणखी अर्ध्या ढेपेने पुढे गेलेला असे.

हे सगळं गमतीचंच होतं. गमतीचं नव्हतं ते एवढंच, की झुंबरबाईची भीती गेली नव्हती. कडूबा बन्सीलाल शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसायचा. भर दुपारी ती दोरा पाहिजे म्हणून तिथे यायची, आणि गिऱ्हाइकांसमोर उलटा हात त्याच्या कपाळाला लावून बघायची. तो शिंकला तरी म्हणायची, “देवाचं राह्यलंय ना आपल्याकडं. देव आठवण देऊन राह्यलाय.”

तो नवस फिटल्याशिवाय तिचा हात थाऱ्यावर राहणार नव्हता. येत्या माघी चतुर्थीला तीन ढेपांत बसायचंच, असं कडूबाने ठरवलं. तिला सांगितलं मात्र नाही. देवाचा गूळ चोरता का म्हणून तिने धपाटी डबल केली असती.

गळा

बन्सीलाल शेठ स्वतः काडीसारखे. ते म्हणाले, “कडूबा, हमारे में एकासना करते हैं. दिवसातून एक टाइम बैठो, खाओ, उठो. बस.”

कडूबाने केलं. बसणं एकदाच झालं, उठणं तेवढं लांबत गेलं.

कुणी म्हणालं, गरम पाण्यात लिंबू. त्याने भूक वाढली. कुणी म्हणालं, जेवणाआधी तांब्याभर पाणी. पोटात पाणी आणि भाकरी दोन्ही मावतात, एवढं कळलं.

शेवटी तो दवाखान्यात गेला. तरुण डॉक्टर हैदराबादेत शिकून आलेले होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, खुर्चीकडे एकदा आणि कडूबाकडे एकदा पाहून ती मागे घेतली आणि बाक दाखवलं.

“देखो मियाँ, हर खाने में गर्मी होती है. उसको कॅलरी बोलते. तेल में जादा, भाजी में कम. दिनभर का एक आकडा बांध लो. उसके ऊपर बिलकुल नहीं.”

“डॉक्टरसाब, जवारीच्या भाकरीत किती असत्याल?”

“कितनी बडी भाकरी?”

“आमच्या झुंबरबाईच्या हातची.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

परत येताना कडूबा विचार करत होता. डॉक्टरांचं चुकीचं नव्हतं. शेठचंही नव्हतं. पण जो तो आपापल्या मापाचा सदरा त्याच्या गळ्यात घालू बघत होता, आणि गळा कडूबाचा होता. गर्मी त्याला दिसत नव्हती. त्याला कापड दिसायचं. कापड किती आहे आणि त्यात काय काय बसवायचं आहे, एवढंच त्याला जन्मभर कळत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मशीनच्या बाजूला एक चिंधी टांगली, हाताएवढी लांब. हा आजचा दिवस. खाल्लं की कापायचं. भाकरीला वीतभर. वरणाला चार बोटं. लाडवाला कोपरापर्यंत. चिंधी संपली की तोंड बंद.

पहिल्या दिवशी ती सकाळच्या न्याहारीलाच संपली.

“ए कडूबा, क्या काट रहा रे?” शेठ गादीवरून ओरडले. “कपडा कंट्रोल में है, मालूम?”

“चिंधी हाय, शेठ. दिवस कापून राह्यलो.”

एका दिवसाचं कापड

सकाळी चहा. दोन बोटं गेली. गूळ कमी घातला असता तर एकच गेलं असतं, पण गूळ झुंबरबाई घालते.

दहाला शेठकडून बेसनाचा लाडू आला. कडूबाने तो शर्टाचं कापड पारखावं तसा उजेडात धरून पाहिला. पोत चांगला होता. परत पाठवला.

दुपारी भाकरी, वीतभर. अंबाडीची भाजी, तीन बोटं. कांदा फुकट.

तीनला एक बाई परकराचं माप द्यायला आली, सोबत भाजलेल्या शेंगा घेऊन. मूठभर शेंगांना किती कापायचं हे ठरेना. म्हणून एक शेंग खाल्ली आणि सुतळीएवढं कापलं.

संध्याकाळी शेजारून पुरणाचा वास आला. उरलेलं कापड एक बोट. वास बोटभरात बसतो. पुरण मात्र त्यात

उसवण

संपलं म्हणजे संपलं. वरून जोड द्यायचा नाही.

असं दसऱ्यापर्यंत चाललं. कडूबा उतरायला लागला. शिंपी असल्याचा फायदा एवढाच, की बंडी ढिली झाली की तो दुकानातच आत घ्यायचा. घरी जाताना कपडे अंगाला घट्टच. पण गालांना टीप मारता येत नाही.

झुंबरबाईने काळा दोरा आणला आणि त्याच्या दंडाला बांधला. दिवाळीपर्यंत दोरा घसरून मनगटाशी आला. तिने गाठ सोडली, पुन्हा दंडाला आवळून बांधली.

दुसऱ्या दिवसापासून भाकरी जाड व्हायला लागली.

“ही भाकर हाय का जोडा?” कडूबाने विचारलं.

“भाकरच हाय. गुमान खा.”

त्याने गळ्यातली टेप काढली आणि भाकरीच्या कडेला लावली. “अगं, ह्या दोन भाकरीची एक केलीस तू!”

“मंग? ताटात तर एकच वाढली ना? तुमीच म्हणले, एकच वाढ.”

“अन् तू? तू बस की संगं.”

“मी मागून खाते. तुमचं आवरलं की माझंच तर राज हाय चुलीम्होरं.” तिने उलटा हात त्याच्या कपाळाला लावला. “अंग गार लागून राह्यलंय.”

“मंग चांगलंच हाय की. ताप न्हाई.”

“तवा बी तुमी असंच म्हणत व्हते,” ती म्हणाली, आणि चुलीकडे तोंड फिरवून बसली.

तेव्हा तो सांगणार होता. अगदी ओठावर आलं होतं. मग वाटलं, तीनच महिने राहिले. एकदा नवस फिटला की काय ते सांगू. त्याने निम्मी भाकरी खाल्ली. निम्मी ‘दुकानात खातो’ म्हणून फडक्यात बांधून घेतली आणि शेठच्या गायीपुढे टाकली. हे रोजचं झालं.

गाय चांगली भरली.

उंची

माघी चतुर्थीला राजूरला पाय ठेवायला जागा नव्हती. देवळाच्या आवारात तीन पायांच्या लाकडी तिकाटण्याला मोठा काटा टांगला होता. नवसाची माणसं ओळीने उभी होती. कडूबाचा नंबर आला तेव्हा रखमाजीची बैलगाडी पिंपळगावहून पोचली, आणि रखमाजी गुळाच्या ढेपा उतरवू लागला. एक. दोन. तीन.

कडूबाने धोतर सारखं केलं आणि पुढे झाला.

चार. पाच.

“पाच?” कडूबाचा आवाज फाटला. “तीन म्हणला व्हतास ना तू?”

“मी तीनच म्हणलो व्हतो,” रखमाजी धापा टाकत म्हणाला. “पोळ्याला आक्का आल्ती. माझ्या उसातच जाऊन उभी राह्यली. म्हणे, अडतीवर समद्यांनी पाह्यलंय, माझा माणूस तीन ढेपांचा न्हाई, पाचाचा हाय. मला दिवाळीला लुगडं देऊ नको, चोळी देऊ नको, गूळ दे. न्हाई म्हणलं तर तितून हालंना. मंग काय करता?”

कडूबा बायकोकडे वळला. “अगं, पण मी तीनाचा झालो ना!”

“म्हंजे?”

“म्हंजे... तीन ढेपात बसावं म्हणून. आखाजीपासून कमी खाऊन राह्यलो.”

झुंबरबाईने उलटा हात त्याच्या कपाळाला लावला. ओळीतली माणसं पुढे सरकली.

“म्हंजे ताप न्हाई?”

“न्हाई.”

“आतून काई?”

“भूक. दुसरं काई न्हाई.”

तिने डोळ्यांना पदर लावला. मग पदराआडून तिचा आवाज आला, “अन् माझ्या भाकरी कुठं गेल्या?”

“शेठच्या गायीनं...”

“तरीच!” पदर खाली आला. “तरीच ती मेली मला बघून हंबरती!”

आवारभर हसू फुटलं. पुजारीही हसले. “चला, बसा आता. मागं लई नवस हायेत.”

कडूबा पारड्यात बसला. समोर पाच ढेपा. तो असा काही वर गेला की त्याला देवळाच्या कट्ट्यापलीकडची जत्रा दिसली. पाळणे, रेवड्यांची दुकानं, सगळं. तो साखळ्या धरून टांगलेला राहिला.

“दोन ढेपा काढा,” पुजारी म्हणाले.

“हात लावायचा न्हाई!” झुंबरबाई आडवी झाली. “देवाच्या नावानं निघालेला गूळ माघारी गाडीत चढत न्हाई.”

“बाई, पारडं बराबर झाल्याबिगर नवस फिटत न्हाई.”

सल्ल्यांना काय तोटा! कुणी म्हणालं, याच्या मांडीवर धोंडा द्या. कुणी म्हणालं, इथंच जेवू घाला. मागून एक म्हातारा म्हणाला, “न्या घरी. चांगलं खाऊपिऊ घाला अन् पुढल्या साली आणा.”

पुढल्या साली म्हटल्यावर झुंबरबाईचा चेहरा उतरला. वर बसलेल्या कडूबाला तो नीट दिसला. त्याला खाली उडी मारावीशी वाटली, पण तेवढ्यात तिने पदर खोचला, पारड्याची साखळी धरून ते खाली ओढलं आणि एक पाय आत टाकला.

“अगं, काय करून राह्यलीस?”

“सरका. जीव तुमचा एकल्याचा व्हता का तवा? माझा बी टांगला व्हता. पुजारीबाबा, मला बी धरा नवसात.”

“संभाळा!” रखमाजीने धावत जाऊन तिकाटण्याला मिठी मारली. माणसं मागे हटली. पारडं आता आदळणार, या हिशोबाने दोघातिघांनी डोळेही मिटले.

तिने दुसरा पाय जमिनीवरून उचलला. पारडं आदळलं नाही. दोनदा हललं आणि गुळाच्या पारड्यासमोर येऊन उभं राहिलं. ना वर, ना खाली.

“बराबर!” पुजारी ओरडले. “अगदी बराबर!” घंटा वाजली, मोरयाचा गजर झाला. एकाने पहिल्या ढेपेवर नारळ फोडला आणि पोरं प्रसादासाठी ढकलाढकली करू लागली.

कडूबाला गजर ऐकू येत नव्हता. आखाजीला पाच ढेपा म्हणजे तो एकटा होता. आज पाच ढेपांत दोन माणसं बसली होती. त्यातलं एक तीनाचं, हे त्याला ठाऊक होतं. उरलेल्या दोनांचा हिशोब त्याच्या बरगडीला टोचत होता. झुंबरबाईचं कोपर होतं ते. त्याने तिचं मनगट धरलं. बोटांना बोटं भेटून वर एकमेकांवर चढली. बांगड्या सरकत पार कोपराजवळ जाऊन थांबल्या.

“तू जेवत व्हतीस का?” त्याने हळूच विचारलं.

“लोकं बघून राह्यले. उतरा.”

“झुंबर, जेवत व्हतीस का?”

“जेवत व्हते की,” ती हसत म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा दिसत होता. “कंट्रोलाची जवारी. दोघांच्या दोन भाकरी व्हायच्या. तुमाला एकच पाहिजे म्हणले, मंग दोन्हींची एक केली.”

ती उतरायला एक पाय बाहेर काढू लागली.

“थांब,” कडूबा म्हणाला. “तू एकली उतरू नको. पारडं उधळंल.”

“मंग?”

“दोघं संगं उतरू.”

“उतरा की आता!” मागच्या ओळीतून कुणी तरी ओरडलं. “किती वेळ बसता? आमचे बी नवस हायेत!”

“जराशीक थांबा,” कडूबा म्हणाला. त्याने आपला एक पाय जमिनीला टेकवला, मग तिचा टेकेपर्यंत वाट पाहिली. तिचं मनगट त्याने सोडलं नव्हतं.