उजव्या अंगाची खळगी

सकाळचे साडेदहा वाजले आहेत. अकरा वाजता शेजारच्या सभागृहात कंपनीच्या नव्या, महागड्या विजेच्या एसयूव्हीवरचा पडदा उतरणार आहे. पाहुणे येऊ लागले आहेत. भिंतीच्या अलीकडे, मागच्या खोलीत, एक माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसला आहे. त्याच्या मांडीवर पोलादी पाते आहे. त्या पात्याने त्याला मला खरवडायचे आहे.

मित्रांनो, मी त्याच गाडीचा जुना, मातीचा नमुना आहे.

कोणतीही गाडी पत्र्याची होण्याआधी बहुधा मातीची होते. माझा सांगाडा लोखंडाचा, त्यावर फोम आणि फोमवर तपकिरी मातीचा जाड थर. ही माती कुंभाराची नव्हे. मेणासारखी असते, भट्टीत तापवली की मऊ आणि गार झाली की टणक. मला चाके खरी मिळाली, काचांच्या जागी नुसता काळा रंग मिळाला. इंजिन मिळाले नाही, पण त्याचे वाईट वाटत नाही. ते त्या नव्या गाडीलाही नाही.

मला दोघांनी घडवले. नवरा आणि बायको. खोलीतले सगळे त्यांना अण्णा आणि वहिनी म्हणत. आमच्या धंद्यात एकाच नमुन्यावर दोन गाड्या घडवण्याची पद्धत आहे. माझे डावे अंग अण्णांचे, उजवे वहिनींचे. डावीकडून पाहिले तर एक गाडी, उजवीकडून पाहिले तर दुसरी. वरिष्ठ येऊन दोन्ही अंगे पाहतात, एक निवडतात आणि मग पुरी गाडी त्या अंगासारखी होते. तोवर एकाने दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हा नियम.

हात लावायचा नसला तरी तोंड चालवायला बंदी नव्हती. माझ्या टपावरून दोघांची जुगलबंदी चाले.

"अहो, तुमच्या गाडीचं नाक केवढं फुगलंय! सर्दी झालीय का तिला?"

"रुसलीय ती. तुझ्या माहेरावर गेलीय."

"माझ्या माहेरचे रुसत नाहीत. सरळ भांडतात."

वहिनी मला ढेकळ्या म्हणत. घरी जाताना माझ्या बॉनेटवर थाप मारून सांगत, "ढेकळ्या, येते रे उद्या. ऊन खाऊ नकोस." खिडकीतून ऊन आले की माझी माती मऊ पडे आणि जड जागा हळूच खाली बसत. म्हणून त्या आधी पडदा ओढून घेत, मगच दिवा मालवत.

अण्णांची रेघ ताठ होती. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, ताणलेल्या दोरीसारखी. वहिनींची रेघही तशीच निघे, पण मागच्या दारावर आली की किंचित खाली उतरे आणि पुन्हा वर जाई. तिथे एक खळगी होई, तळहाताएवढी. ही खळगी त्यांनी अगदी शेवटी केली. अण्णा तेव्हा भट्टीपाशी होते. वहिनींनी त्या जागी तळवा टेकवून पाहिला आणि पुटपुटल्या, "आई गाडीतून उतरताना इथंच हात टेकते."

अण्णांना त्यांनी हे सांगितले नाही. निवड होईपर्यंत आपले पान उघडायचे नाही, अशी दोघांची पैज होती. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. बरेच दिवस दाबून ठेवलेला खोकला वर आला होता. त्यांना इस्पितळात ठेवले.

अण्णा इस्पितळातून थेट खोलीत येत आणि आपल्या बाजूचे काम करत. निवड तोंडावर आली होती. एके दिवशी ते उजवीकडे आले आणि त्यांना ती खळगी दिसली. खिडकीचा पडदा उघडा होता. वहिनी नसल्यावर तो ओढणार कोण? अण्णांना वाटले, ऊन लागून माती बसली. ती आजारी, तिच्या कामात खोट दिसायला नको, असे म्हणून त्यांनी भट्टीतून मऊ माती आणली, खळगीत भरली आणि पात्याने रेघ सरळ करून दिली. फार सुरेख काम केले त्यांनी. ज्याला ठाऊक नाही त्याला जोड दिसला नसता.

निवडीच्या दिवशी सकाळी वहिनी सुट्टी घेऊन इस्पितळातून आल्या. शाल पांघरलेली, चप्पलसुद्धा घरातलीच. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवत नेला आणि मागच्या दारावर थांबवला.

"अहो, इथं भर कुणी घातली?"

"मी. माती बसली होती गं."

"बसली नव्हती. मी बसवली होती."

अण्णांच्या हातातला चहा तसाच राहिला. पुन्हा कोरायला वेळ नव्हता. वरिष्ठ जिन्यात होते. यंत्राने माझी दोन्ही अंगे मोजून संगणकात उतरवली. मग वरिष्ठांनी दोन फेऱ्या मारल्या. त्यातले एक म्हणाले, "दोन्हीकडे रेघ जवळजवळ सारखीच दिसते. मग डावीकडची घ्या, ती जास्त ठाम आहे."

डावे अंग निवडले गेले. वहिनी हसल्या. "चला, बक्षीस घरातच राहिलं," म्हणाल्या. अण्णा हसले नाहीत.

त्यानंतर अंगात बळ असेल त्या दिवशी वहिनी येत आणि जेवणाच्या सुट्टीत ती भर थोडी थोडी काढत. अण्णा म्हणाले, "दे, मी काढतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त स्टूल धरा." अण्णा स्टूल धरून उभे राहत. अशी ती खळगी पुन्हा झाली. तिची आता कुणाला गरज नव्हती.

बाहेर मात्र नव्या गाडीची हवा झाली. भिंतीभिंतीवर अंधारात चमकणाऱ्या दोन दिव्यांची चित्रे लागली. मुले शोरूमच्या काचेला नाक लावून आतल्या रिकाम्या चौथऱ्याकडे पाहू लागली. वहिनींनी इस्पितळातल्या टीव्हीवर जाहिरात पाहिली तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "हे दिवे आमच्या ह्यांचे!" अण्णांना त्यांनी बजावले, "पडदा उतरेल तेव्हा मला न्या. पुढच्या रांगेत नको. दाराजवळ बसू, खोकला आला तर बाहेर पडता येईल." हे सारे अण्णांनी मला नंतर, या स्टुलावर बसून सांगितले.

बॅटरीच्या काही चाचण्या उरल्या होत्या, म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला गेला. गाडी थांबू शकली. वहिनी थांबू शकल्या नाहीत.

आमच्याकडे नवी गाडी लोकांसमोर यायची वेळ झाली की जुना नमुना ठेवत नाहीत. माती खरवडून भट्टीत टाकतात आणि तिचीच पुढची गाडी घडते. त्यात वाईट काही नाही. मीही कुठल्या तरी जुन्या गाडीच्या मातीचा आहे. डावे अंग अण्णांनी काल स्वतःच्या हाताने उतरवले. एकदाही थांबले नाहीत. मग ते मॅडमकडे गेले. मॅडम या खोलीच्या प्रमुख. जाताना अण्णांनी दार उघडेच ठेवले होते, त्यामुळे बोलणे मला ऐकू आले.

"उजवं तेवढं राहू द्या."

"अण्णा, आकार संगणकात आहे की."

"त्यात माझी भर आहे. तिची खळगी नाही."

मॅडमची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मी वर विचारते. कार्यक्रमाआधी फोन करते. पण अण्णा, दुपारी नव्या नमुन्याला माती लागणार आहे, हे तुम्हीच जाणता."

मित्रांनो, पत्र्याची गाडी पुष्कळ वर्षे टिकेल. तुमच्यापैकी कुणी तिच्यात बसालही. उतरताना मागच्या दारावर हात टेकलात तर तिथे सरळ रेघ लागेल. मला एवढेच सांगायचे आहे. आपल्या माणसाच्या कामात काही खोलगट, काही वाकडे दिसले, तर भर घालण्याआधी त्याला विचारा. तो जवळ आहे तोवर विचारा.

अकरा वाजले. सभागृहात वाद्ये वाजली आणि थांबली. आता टाळ्या वाजत आहेत. भिंतीतून त्या पावलांसारख्या ऐकू येतात. अण्णांच्या गळ्यात कार्यक्रमाचा पास आहे. दाराजवळची खुर्ची त्यांनी मागून घेतली होती, शेजारचीही. दोन्ही रिकाम्या असतील.

त्यांनी स्टूल माझ्या उजवीकडे सरकवले आहे. डावा हात खळगीत आहे, उजव्या हातात पाते. खिडकीतून ऊन आले, तेव्हा ते उठले, पडदा ओढून घेतला आणि पुन्हा येऊन बसले.

भट्टी तापली आहे. फोन पुढ्यात ठेवलेला आहे. तो अजून वाजलेला नाही.