काच पुसायचा मंगळवार

धक्क्याजवळच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत आणि पाण्यात सोडलेल्या कॅमेऱ्याला डोळा. किनाऱ्याच्या पाण्यात तरंगणाऱ्या, मोहरीहून बारीक जिवांचे फोटो डोळा दिवसभर काढी. ते कधी वाढतात, कधी घटतात, याची नोंद मोजणीबाई सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून ठेवत होती. दर मंगळवारी डोळा वर ओढायचा, काच पुसायची, परत सोडायचा. हा नेम तिने कधी चुकवला नव्हता.

मागच्या मंगळवारी पहाटे तिचे वडील गेले. आठवड्याने ती कामावर आली ती कोरड्या ठणठणीत डोळ्यांनी. थोरल्या बहिणीने चारचौघांत सुनावलं होतं, "बाबा गेले आणि तुला काहीच नाही? दगड आहेस." खरंच काही वाटत नव्हतं, म्हणून तिला ते पटलंही होतं.

साहेब मात्र खुशीत होते. "आठवड्यात जीव तिप्पट झालेत. असं कधी झालं नव्हतं. आजच अहवाल पाठवतो."

तिने फोटो उघडले. डाव्या कोपऱ्यात मिशा पसरलेला एक जीव. पुढच्या फोटोत तोच, त्याच जागी. त्याच्या पुढच्यातही. असे पाच-सहा जीव काचेला चिकटून मेले होते आणि यंत्र बापडं त्यांनाच दर फोटोत नव्याने मोजत बसलं होतं. कानाडोळा केला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण सहा वर्षांच्या नोंदीत एक खोटा आठवडा कायमचा बसला असता.

"साहेब, ही वाढ नाही. काच पुसायची राहिली. मी कुणाला सांगूनही गेले नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "मग त्या आठवड्याला शून्य टाका."

"शून्य कसं टाकणार? शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. हे मोजलंच नाही. रकाना रिकामा ठेवावा लागेल."

नव्या माणसांना हे तिने शंभरदा शिकवलं होतं. आज बोलून झाल्यावर मात्र तिला ताईचं 'तुला काहीच नाही?' आठवलं.

रिकाम्या रकान्याशेजारी कारण लिहावं लागे. तिने लिहिलं, 'बाबा गेले.' मग बहिणीला फोन लावला.

"ताई, मला काहीच नाही असं नाहीये."

"मग?"

"मी अजून आत बघितलंच नाही गं."

पलीकडून ताईच्या रडण्याचा आवाज आला. ती कान लावून ऐकत राहिली.