घट्टा पडलेलं बोट

"मॅडम, हे यंत्र तुम्ही स्वतःच्या आईच्या बोटाला लावून पाहिलंत का?"

वर्गात खसखस पिकली. "विचारून दाखवच, टाचणी!" अशी पैज मैत्रिणींनीच लावली होती, आणि टाचणी काही मागे हटणाऱ्यातली नव्हती. सहाव्या वर्षापासून मधुमेह. साखर बघायला रोज चार-पाचदा बोट टोचायचं, म्हणून तर हे नाव पडलेलं.

पाहुण्या इंजिनिअरबाई हसल्या. "लावलं ना! आई म्हणाली, चिमटा फार आवळतो. मग सैल केला."

यंत्र कपड्यांच्या चिमट्याएवढं. आतला प्रकाश कातडीतून जाणार आणि साखरेचा अंदाज सांगणार. सुई नाही की रक्त नाही! त्याच्या चाचणीसाठी बाईंना मधुमेह असलेली मुलं हवी होती. टाचणीला त्यात जायचं म्हणजे जायचंच होतं. अट एकच, यंत्राला बोट वाचता आलं पाहिजे.

टाचणीने ऐटीत बोट पुढे केलं. लाल दिवा. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लालच!

"काही मुलांचं होतं असं," बाई हळूच म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात अकरा जणांना परत पाठवावं लागलं."

टाचणीचं तोंड एवढंसं झालं. तिने बोट चोळलं आणि थबकलीच.

"मॅडम, थांबा! हे माझं टोचायचं बोट आहे. आठ वर्षं इथेच टोचतेय. बघा, कसला घट्टा पडलाय! साखर बघायची म्हटलं की हेच पुढे येतं, सवयच लागलीय हाताला."

तिने दुसऱ्या हाताची करंगळी चिमट्यात घातली. हिरवा!

बाई खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे त्या अकरा जणांनीही...? आणि आम्ही एकालाही विचारलं नाही! उद्याच बोलावते सगळ्यांना."

घरी टाचणीने चाचणीचा फॉर्म टेबलावर ठेवला. आईने तो दोनदा वाचला. "तीन महिने? यंत्राचा आकडा ताडून बघायला दिवसातून आठ वेळा टोचायचं? अगं, टोचणं सुटावं म्हणून दुप्पट टोचून घेणार?"

"विचार कर गं, बाळा," बाबा म्हणाले.

"केलाय! येताना अख्खा रस्ता तेच केलं," टाचणी म्हणाली. "आई, बाबा, मी जाणार आहे. सही तेवढी तुमची हवीय."