मेंढीचा साचा आणि एक जूनची कोकरं

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो, पण मला हातात धरायला जाऊ नका. मी लाकडाचा नाही, लोखंडाचाही नाही. कळमनुरीकडच्या एका मेंढपाळ संस्थेच्या कम्प्युटरमध्ये, माहितीच्या तक्त्यांत मी राहतो. शिकलेली माणसं मला ‘ऑब्जेक्ट टाइप’ म्हणतात. माझं नाव ‘मेंढी’. उभ्या जन्मात मी एक मेंढी पाहिली नाही, आणि आता पाहायची हौसही उरलेली नाही.

मला घडवलं संस्थेत कम्प्युटरचं काम बघणाऱ्या करुणाताईंनी, २००२ साली. त्याआधी मेंढीचा क्रमांक एका तक्त्यात, मालक दुसऱ्यात, जन्मतारीख तिसऱ्यात असायची, आणि संस्थेचे कारकून शिवहारराव वय काढायला बोटं मोजत बसायचे. करुणाताईंनी ते सगळं माझ्यात एकत्र बांधलं. शिवाय मला दोन कामं शिकवली; त्यांना मेथड म्हणतात. ‘वय’ विचारलं, की मी आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायचो. ‘लस’ विचारलं, की तीन महिने भरलेत का ते बघून हो किंवा नाही सांगायचो. नवी मेंढी आत यायची ती माझ्या कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे दरवाजातून म्हणा. क्रमांक, मालक आणि जन्मतारीख, तिन्ही मिळाल्याशिवाय तो उघडत नसे.

पहिल्या वर्षी माझं कौतुक काय विचारता! वसमतहून माणसं बघायला आली. शिवहारराव तर मला हळद-कुंकू लावायचेच बाकी राहिले होते.

पुढच्या साली, जूनमध्ये, नव्या मेंढरांची नोंदणी निघाली. रुक्माबाई आपली मेंढरं घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच कळप राखत होत्या. त्यांची तेवीस कोकरं नवी होती.

“जन्मतारीख सांगा, मावशी,” शिवहारराव म्हणाले.

“तारीख कोन ध्यानात ठेवती, भाऊ? औंढ्याच्या शिवरात्रीला झाले समदे.”

आता शिवरात्र कुठल्या तारखेला होती, हे शोधत कोण बसणार? बाहेर शंभर मेंढरं ओरडत होती. “ऱ्हाऊ द्या,” शिवहारराव हसले. “आमच्या मास्तरांनी आमा समद्या पोरांला एक जूनच टाकली होती. काही बिघडलं न्हाई.” त्यांनी तेवीसही कोकरांना त्याच सालची एक जून टाकली. मीही ती निमूटपणे घेतली. तारीख खरी की खोटी, हे ओळखायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

जूनअखेर लसीची यादी काढली. शिवरात्रीला जन्मलेल्या त्या कोकरांचे तीन महिने कधीच भरले होते. पण माझ्या वजाबाकीत ती महिन्याचीही नव्हती. मी तेवीस वेळा ‘नाही’ म्हणालो. लस यादीप्रमाणे आली, यादीप्रमाणे टोचली आणि संपली.

पंधरा दिवसांनी रुक्माबाई संस्थेत आल्या. पदरात मेलेलं कोकरू होतं. नवं कोवळं गवत खाऊन पोटाचा रोग लागला होता; लस होती ती याच रोगाची. हे पाचवं होतं.

“माह्या लेकरायचं नाव यादीत काहून न्हाई?”

“कम्प्युटर म्हणतो, लय लहान हायेत,” शिवहारराव पुटपुटले.

“लहान? अरे, ते चरून राहिले रानात! तुह्या पेटीला दिसत न्हाई, पर तुला डोळे हायेत नव्हं?”

शिवहाररावांनी मान खाली घातली. मला मान नाही. माझी वजाबाकी बरोबर होती, आणि तरी पाच जीव गेले, याचा शीण माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

करुणाताई त्याच दिवशी आल्या. त्यांनी आधी फोनाफोनी करून लस मागवली आणि उरलेली अठरा कोकरं वाचवली. मग रुक्माबाईंना शेजारी बसवून विचारलं, “मावशी, तुम्ही जन्म कशावरून ध्यानात ठेवता?” पोळा, दिवाळी, संक्रांत, शिवरात्र... मावशी सांगत गेल्या, ताई लिहीत गेल्या. मग सणांचा एक वेगळा तक्ता झाला आणि मला दुसरा कन्स्ट्रक्टर मिळाला. साल आणि सण सांगा, जवळची तारीख तो स्वतः काढेल. त्या अठरांची तारीखही ताईंनी सुधारली. हे आधीच विचारलं असतं तर? पण तसं होत नाही, मित्रांनो. विचारायची सवय माणसाला उशिराच लागते.

आता २००९ साल आहे. करुणाताई दूर गावी बदलून गेल्या, शिवहारराव निवृत्त झाले. नोंदी दुसरीकडे होतात. मला महिन्यातून एकदा कुणी सुरू करतं, यादी छापतं आणि न वाचताच बंद करतं. धुळीची मला तक्रार नाही.

पण ती पाच कोकरं अजून माझ्या तक्त्यात आहेत. मला घडवताना जन्माची जागा ठेवली होती, मरणाची ठेवायची राहून गेली. मग यादी निघते, त्यांचं वय विचारलं जातं, आणि मी सांगतो: सहा वर्षं. पुढच्या साली सात सांगेन. मला थांबता येत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी असं काही घडवायला बसलात, तर ज्याची मेंढी आहे त्याला आधी विचारा. आणि या बाजूला कधी आलात, तर त्या पाच ओळींपुढे एवढं लिहून जा, की ही आता नाहीत.