निळ्या ठिपक्याचे डबे

शनिवारच्या कार्यक्रमातून श्रीनिवासरावांना काय काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकू. बोलायला सलग एक तास. समोर झूमवर तीनशे चौकोन, त्यातले निदान निम्मे जागे. स्थानिक कौन्सिलकडून पोस्टाने येणारं एक मानपत्र. आणि नामिबियातल्या विंडहूकहून हिल्मा. तिला त्यांनी शेवटचं पाहिलं एकोणचाळीस वर्षांपूर्वी, न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या कमिटीच्या दाराशी. दक्षिण आफ्रिकेचा नामिबियावरचा लष्करी कब्जा उठवायला या माणसाचाही हात लागला होता, असं ती चारचौघांत सांगणार होती. बदल्यात द्यायचं काहीच नव्हतं. परराष्ट्र खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला इतका सोपा सौदा पाहून खरं तर संशय यायला हवा होता. पण दोन महिन्यांसाठी आलेला माणूस सीमा बंद झाल्यामुळे मुलाकडे ऑस्ट्रेलियातल्या ट्रुगानिनात सहा महिने अडकला, की त्याचा संशयही सुस्तावतो.

तिथल्या मराठी लोकांच्या मैत्र मंडळात सगळे त्यांना ‘राजदूतकाका’ म्हणत. ते राजदूत कधीच झाले नव्हते. त्यांनी ही चूक कुणाची सुधारली नाही. न सुधारणं हीसुद्धा एक भूमिका असते, हे नोकरीनेच शिकवलं होतं.

ऑगस्टमधला, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातला, गुरुवार होता. अजितच्या गराजमध्ये डबे येऊन पडत होते. अजित म्हणजे श्रीनिवासरावांचा मुलगा आणि मंडळाचा अध्यक्ष. लॉकडाऊनमध्ये कॅफे बंद झाले, इंडियातून शिकायला आलेल्या पोरांच्या शिफ्ट गेल्या, आणि सरकारी मदत त्यांना लागू नव्हती. तेव्हा मंडळाने अकरा घरांतून जेवण करून एक्केचाळीस पोरांना पोचवायचं ठरवलं. कौन्सिलने ग्रँट दिली. फोटो निघाले. अजितची बायको, वासंती, दिवसभर मास्क लावून ढोकळ्यापासून भातापर्यंत सगळ्यावर देखरेख करी. श्रीनिवासरावांचं काम एकच: टेबलाशी बसायचं आणि आलेल्या डब्यांपुढे यादीत खूण करायची.

त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की नऊ डब्यांच्या झाकणांवर एकेक निळा ठिपका आहे. नऊही डबे वेगळ्या खोक्यात, शटरजवळ, थंडीत. खोक्यावर लिहिलं होतं ‘टार्निट’. तिथल्या दोन घरांत पंजाबी आणि नेपाळी मुलं राहत.

“वासंती, हे ठिपके कसले गं?”

“अॅलर्जीचे, बाबा.”

“कुणाला आहे अॅलर्जी?”

“असते कुणाकुणाला.”

नऊही डबे मयूराच्या घरचे होते. मयूरा दोन गल्ल्या सोडून राहायची. एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, नर्स होती. आठ वर्षांत मंडळातलं कुणी तिच्या घरी गेलं नव्हतं, आणि आडनावावरून काही कळत नव्हतं. मग जूनमध्ये मंडळाची पहिली झूम मीटिंग झाली. जिथे माणसं गेली नव्हती तिथे कॅमेरा गेला. मयूराच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला, निळा कोट, ताजा हार. मीटिंगमध्ये कुणी एक शब्द काढला नाही. पुढच्याच मंगळवारी ठिपके सुरू झाले, आणि त्याच दिवसापासून यादीत तिचे डबे ‘टार्निट’पुढे लागले होते. श्रीनिवासरावांनी हे दोन्ही दिवस यादीवरून मनात जुळवले. असल्या जुळवाजुळवीचाच तर त्यांनी आयुष्यभर पगार घेतला होता.

“ती एज्ड केअरला आहे ना, बाबा,” वासंतीने त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता सांगितलं. “केसेस तिथेच वाढतायत. उगाच रिस्क कशाला?”

“सुखदाही तिथेच आहे. त्याच शिफ्टला.”

मंडळातल्याच सुखदाचे डबे टेबलाच्या मधोमध होते, बिनठिपक्याचे. वासंतीने चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला. “तुम्ही शनिवारचं भाषण बघा ना, बाबा.”

आणि ते खरोखरच आत जाऊन भाषण बघायला लागले.

चार वाजता मयूरा आली. गराजच्या उंबऱ्यापाशी, दीड मीटर अंतर राखून उभी राहिली. डबे पोचवणारा विक्रांत नावाचा विद्यार्थी सकाळी तिला भाबडेपणाने विचारून गेला होता, “ताई, तुमच्या भाजीत शेंगदाणे असतात का? तुमचेच डबे वेगळे जातात म्हणून विचारलं.” खिडकीआड श्रीनिवासरावांना सगळं ऐकू येत होतं.

“वासंती, माझ्या डब्यात अॅलर्जीचं काय असतं गं?”

“अगं, जनरल प्रिकॉशन...”

“सुखदाला नाही लागत प्रिकॉशन? एकाच मजल्यावर असतो आम्ही. मास्कचा खोकासुद्धा एकच.”

“मयूरा, प्लीज,” अजित बाहेर आला. “शेजारी बघतायत.”

“बघू देत. त्यांना मराठी कळत नाही. तुम्हाला कळतं.”

“हे बघ, इश्यू करू नकोस. पोरांच्या तोंडचा घास आहे हा. तुला आत्ताच हे काढायचंय?”

“काढलं तुम्ही. मी फक्त झाकण वाचलं. आणि रंग तरी दुसरा घ्यायचात! तोही आमचाच घेतलात.”

वासंतीचा आवाज चढला. “माझ्या मनात काही नाहीये, कळलं? घराघरांतून मेसेज आले, तिचे डबे आमच्या खोक्यात नकोत म्हणून. मी कुणाकुणाची तोंडं धरू?”

“किती घरांतून?”

वासंती खोक्यावरची चिकटपट्टी उगाच दाबत राहिली.

“नावं नकोत मला. आकडा सांग.”

“आठ,” वासंती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर मास्क वर ओढला.

मयूराने मान हलवली, जणू पेशंटचा ताप लिहून घेतला. “कौन्सिलला मेल केलाय मी. ग्रँट त्यांची आहे. आणि हो, तुमच्या राजदूतकाकांचा फ्लायर वाचला. वर्णभेदाविरुद्धचा मराठी आवाज! छान आहे. त्यांना म्हणावं, आवाज इथे गराजपर्यंत येऊ दे.”

कौन्सिलचं उत्तर शुक्रवारी सकाळी आलं. लेखी खुलासा द्या, मग मानपत्राचं बघू. अजित लॅपटॉप घेऊन वडिलांच्या खोलीत शिरला.

“बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. असं लिहा की कुणाला काही पकडता येऊ नये.”

श्रीनिवासरावांच्या बोटांना हे काम पाठ होतं. ठरावांच्या भाषेत क्रियापदांची एक शिडी असते. वरच्या पायरीवर ‘तीव्र निषेध करते’, मग ‘निषेध करते’, मग ‘चिंता व्यक्त करते’, आणि अगदी तळाला ‘नोंद घेते’. नामिबियासाठी ते एक पायरी वर चढायला रात्रंदिवस भांडले होते. आज त्यांना पटापट खाली उतरायचं होतं. ‘साथीच्या काळातील स्वच्छतेच्या उपायांमुळे काही सदस्यांचा गैरसमज झाला असल्यास मंडळ त्याची नोंद घेते.’ ‘जात’ हा शब्द कुठेच आला नाही. दोन परिच्छेद, वीस मिनिटं.

“कमाल केलीत, बाबा!”

आणि वाईट गोष्ट अशी, की त्यांना बरं वाटलं. कारागिराला हात अजून चालतो हे कळल्यावर वाटतं तसं.

संध्याकाळी ते लॉकडाऊनच्या नियमातला एक तास पायी फिरायला निघाले. मयूरा आपल्या दारातला कचऱ्याचा डबा आत ओढत होती. त्यांना टाळून पुढे जायचं होतं. तिने जाऊ दिलं नाही.

“काका, फ्लायरवर डर्बन लिहिलंय. दोन हजार एक. वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद. तुम्ही होतात तिथे?”

“आपल्या शिष्टमंडळात होतो.”

“ते वाचलं. केलंत काय?”

“मसुद्याचं काम.”

“म्हणजे?”

म्हणजे काय, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. वादातले शब्द चौकटी कंसात ठेवतात, आणि मग कंस रिकामा होईपर्यंत बोलत राहतात. सरकारची भूमिका होती की जात म्हणजे वंश नव्हे, हा देशाच्या घरातला प्रश्न आहे. आठवडाभर त्यांनी पायऱ्यांवर, जेवणात, लिफ्टमध्ये हेच सांगितलं होतं. अंतिम कागदात तो शब्द आला नाही. तेवढ्याच एका कामाबद्दल दिल्लीहून त्यांना शाबासकीचं पत्र आलं होतं.

“माझे पप्पा तिथे आले होते,” मयूरा म्हणाली. “आत नाही, बाहेरच्या तंबूत. बँकेतून रजा काढून गेलेले, गळ्यात पाटी घालून. चहाच्या टेबलाशी शिष्टमंडळातले एक साहेब भेटले. मराठी ऐकून पप्पांना केवढा आनंद झाला. साहेब म्हणाले, ‘अहो, हा आपल्या घरातला प्रश्न. बाहेरच्यांसमोर कशाला मांडता?’ पप्पा मरेपर्यंत विचारत होते, मयू, कुठल्या घरातला गं? त्या घरात आपल्याला कोण घेतं?”

श्रीनिवासरावांना चहाचं टेबल आठवलं. बिस्किटं आठवली. माणूस आठवेना. छत्तीस वर्षांत त्यांच्या वाट्याला इतकी लाज आली नव्हती, आणि तीही एका कचऱ्याच्या डब्याशेजारी.

“मीच असेन,” ते म्हणाले.

“असाल नाही. होतात की नव्हतात?”

“होतो.”

तिने डबा आत नेला आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सहाला, म्हणजे विंडहूकच्या सकाळी दहाला, कार्यक्रम सुरू झाला. अजित दिवाणखान्यातून सूत्रं हलवत होता, वडील आपल्या खोलीत दुसऱ्या लॅपटॉपवर. चित्रं दाखवता यावीत म्हणून अजितने त्यांना को-होस्ट केलं होतं. मंडळाच्या सगळ्या चुकांत ही सर्वात महागाची.

हिल्मा आता पूर्ण पांढऱ्या केसांची झाली होती. ती इंग्रजीत, सावकाश बोलली. “आमच्या देशावर त्यांचं सैन्य होतं. कमिटीत मोठे देश आम्हाला म्हणाले, पाहिजे ते लिहून घ्या, फक्त ‘बेकायदा’ हा शब्द काढा. मी चोवीस वर्षांची होते, थकले होते. काढू या, म्हणाले. तेव्हा हा तरुण भारतीय कॉरिडॉरमध्ये माझ्यावर ओरडला. म्हणाला, शब्द गेला तर जमीन जाईल. ज्या गोष्टीला नाव नाही, तिच्यावर बंदी कशी घालणार? मी ते विसरले नाही, मिस्टर श्रीनिवास.”

चॅटमध्ये टाळ्यांची चित्रं पडायला लागली. त्याच वेळी पडद्याच्या कडेला एक पिवळी पट्टी होती, सुरुवातीपासून होती: ‘मयूरा वेटिंग रूममध्ये आहे.’ पस्तीस मिनिटं ती बाहेर उभी होती. अजितलाही ती पट्टी दिसत होती. बाकी तीनशेजणांना मात्र कुणी बाहेर आहे हेच माहीत नव्हतं. व्यवस्था बघा किती सुबक! ना पाटी, ना कुंपण, ना पोलीस.

श्रीनिवासरावांनी ‘आत घ्या’वर बोट दाबलं.

मयूराचा चौकोन उजळला. मागे तीच भिंत, तोच फोटो.

“हिल्मा,” ते म्हणाले, “ओरडणारा माणूस मीच. पण वीस वर्षांनी त्याच माणसाने डर्बनमध्ये दुसऱ्या लोकांचा शब्द काढायला लावला, आणि त्याबद्दल शाबासकी घेतली.” मग ते मराठीत वळले. “आता मंडळाचा खुलासा वाचतो. माझाच मसुदा आहे, एक दुरुस्ती केलीय. मैत्र मंडळाच्या गराजमध्ये जूनपासून एका घरचे डबे जातीवरून वेगळे काढले जात होते. अॅलर्जी नव्हती, कोविड नव्हता. जात होती. आठ घरांनी मागणी केली. माझ्या घराने ठिपके लावले. मी पाहिलं आणि भाषण लिहायला गेलो. याचा मंडळ...”

“बाबा!” ही हाक भिंतीतूनही आली आणि लॅपटॉपमधूनही, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने.

“...तीव्र निषेध...”

अजितने आवाज बंद केला. श्रीनिवासरावांचे ओठ हलत राहिले. चॅटमध्ये सवयीने लिहून आलं, ‘राजदूतकाका, यू आर ऑन म्यूट.’ मग कुणीतरी लिहिलं, ‘पॉलिटिक्स नको प्लीज.’ मग चौकोन विझू लागले, पाच, दहा, चाळीस. हिल्मा शेवटपर्यंत बसून होती, काय चाललंय हे न कळता, पण हात उंच करून. मयूराने कॅमेरा तेवढा चालू ठेवला.

आता कुणी काय किंमत भरली, तेही सांगायला हवं.

मानपत्र आलं नाही आणि ग्रँट थांबली. मंडळाने दोष ठिपक्यांना दिला नाही, मेल करणारीला दिला. मयूराला ग्रुपमधून काढलं, तिच्या मुलीला रविवारच्या मराठी वर्गाची लिंक यायची थांबली. मुलगी सात वर्षांची. “ममा, डिड आय डू समथिंग राँग?” असं तिने विचारलं. एक्केचाळीस पोरांचं जेवण बंद झालं. त्यातल्या चौदाजणांना मयूरा, सुखदा आणि विक्रांत मिळून अजून डबे देतात. अजित वडिलांशी बोलत नाही. वासंती त्यांचं ताट खोलीच्या दाराशी ठेवून जाते, झाकून, वेळेवर. ताटावर ठिपका नसतो. त्याची गरजही उरलेली नाही.

श्रीनिवासराव रोजचा एक तास मयूराच्या ओसरीवर घालवतात. जुन्या झाकणांवरचे ठिपके नखाने खरवडून काढायचं काम तिने त्यांना दिलं आहे. डिंक चिवट आहे. तिने अजून आत बोलावलेलं नाही. सध्या घरात पाहुणा घ्यायला नियमाने बंदी आहे; बंदी उठली की कळेल, दार नियमामुळे बंद होतं की तिच्यामुळे. दोन्हींत तिची चूक नसेल, हे त्यांना मान्य आहे.

राहिली ती आठ घरं. त्यांची नावं वासंतीने सांगितली नाहीत, मयूराने मागितली नाहीत, कौन्सिलला कधी कळली नाहीत. गणपतीत त्यांनी झूमवर आरती केली. त्यांच्या खात्यावर भरणा शून्य. हे वाचताना ज्याला आपलं घर त्या आठांत नव्हतं अशी खात्री वाटत असेल, त्याने एवढंच आठवावं, की आपल्या ओळखीच्या कुणाच्या भिंतीवर काय आहे हे आपण शेवटचं कधी, त्यांच्या घरी बसून, चहा पिताना पाहिलं होतं.